किल्लीवर तुळशीपत्र

थंडीत जयपूरला जुन्या मोटारींचा मेळा भरतो. जयमहाल पॅलेसच्या हिरवळीवर गाड्या ओळीने उभ्या राहतात. शेजारी साफा बांधलेला मालक, आणि चाकाशी गुडघे टेकून बसलेला त्याचा मेकॅनिक, दातांच्या ब्रशने तारांमधली धूळ काढणारा. बॉनेटवर कुणाचे बोट टेकले की लगेच पिवळा फडका पुढे येतो. गाडीची किंमत विचारायची नसते. आजोबांनी ती कुठून आणली, कोणता पाहुणा तिच्यातून शिकारीला गेला, एवढेच विचारायचे.

या हिरवळीवर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. शेजारच्या अलवरचे महाराज जयसिंह लंडनमध्ये साध्या कपड्यांत रोल्स-रॉईसच्या दुकानात गेले. विक्रेत्याने त्यांना हिडीसफिडीस केले. महाराजांनी दुकानात होत्या तेवढ्या गाड्या विकत घेतल्या, अलवरला आणल्या आणि नगरपालिकेला कचरा वाहायला देऊन टाकल्या. गाड्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. हीच गोष्ट इतर संस्थानिकांच्या नावावरही खपवली जाते. कागदाचा भक्कम पुरावा कुणी पुढे केलेला नाही. तरी गोष्ट मरत नाही, कारण गोऱ्या दुकानदाराचे नाक कापल्याचे समाधान तिच्यात आहे. पण दुर्मीळ मोटार लोकांच्या कामाला दिल्याची आपल्याकडची सर्वांत लाडकी कथा ही अशी सूडाची कथा आहे. अलवरच्या नगरपालिकेला कचऱ्यासाठी रोल्स हवी होती की चार बैलगाड्या, हा प्रश्न त्या कथेत कुणालाच पडत नाही.

याच विषयावरची दुसरी गोष्ट खरी आहे, तारखेसह उपलब्ध आहे आणि आपल्या मुंबईत घडलेली आहे. ती मात्र आपण विसरून गेलो.

२ डिसेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. निमित्त होते आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसचे. ओव्हल मैदानावर भव्य वेदी उभारली होती आणि रस्त्यांवर सर्व धर्मांच्या मुंबईकरांची गर्दी लोटली होती. पोपांच्या दिमतीला अमेरिकेतून भेट आलेली एक पांढरी लिंकन कॉन्टिनेंटल होती. लँडमास्टर, अॅम्बेसेडर आणि फियाटच्या त्या मुंबईत अशी गाडी म्हणजे रथच. परत निघताना पोपांनी तो रथ कलकत्त्याच्या एका जोगिणीला देऊन टाकला. मदर तेरेसांना नोबेल मिळायला तेव्हा पंधरा वर्षे अवकाश होता.

आता विचार करा, कलकत्त्याच्या गल्ल्यांतून मरणासन्न माणसे उचलून आणणाऱ्या बाईला लिंकन कॉन्टिनेंटल मिळाली तर तिने काय करावे? वापरावी, तर पेट्रोलचा खर्च संस्थेच्या तांदळाच्या पैशातून जाणार. जपून ठेवावी, तर पोपांची आठवण म्हणून लोक दर्शनाला येतील, पण दर्शनाने कुणाची जखम बरी होत नाही. मदर तेरेसांनी गाडीची सोडत काढली. त्या तिच्यात एकदाही बसल्या नाहीत असे सांगतात. सोडतीतून आलेला पैसा आसनसोलजवळच्या शांतिनगरला गेला. सरकारने दिलेल्या जमिनीवर कुष्ठरुग्णांची ती वसाहत उभी राहत होती. ज्यांना घरातून, गावातून आणि बऱ्याचदा इस्पितळातूनही हाकलले जाई, त्यांना तिथे स्वतःचे घर आणि हाताला काम मिळायचे होते.

लिलावाऐवजी सोडत, हा तपशीलही महत्त्वाचा आहे. लिलावात गाडी सर्वांत मोठ्या खिशाकडे जाते आणि दानशूर म्हणून नावही त्याच खिशाचे होते. सोडतीत हजारो लोक आपापल्या ऐपतीचे तिकीट काढतात. गाडी एकालाच लागते, पण हरलेला प्रत्येक जण नकळत दाता होऊन बसतो. आज राज्य सरकारच्या परवानगीवाचून अशी खासगी सोडत काढणे गुन्हा ठरेल, ते एका अर्थी ठीकच आहे. पण एका माणसाच्या दानातून हजारांचे दान करून दाखवण्याची ती युक्ती कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवावी अशी होती.

आपल्याकडे दानाला एक विधी आहे. वस्तूवर तुळशीपत्र ठेवायचे, हातावर पाणी घ्यायचे आणि ‘न मम’ म्हणत ते सोडायचे. ‘उदक सोडणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. पाणी एकदा बोटांवरून ओघळले की ती वस्तू कुठे जाईल, तिचे काय होईल, हे विचारण्याचा हक्क संपला. त्या लिंकनच्या बाबतीत हे दोनदा घडले. आधी पोपांनी गाडीवर उदक सोडले आणि मग मदर तेरेसांनी. पोपांनी दिलेली वस्तू मी विकली तर ते काय म्हणतील, ही धास्ती दुसऱ्या दात्याला वाटली नाही. दान घेणाऱ्यालाही दान करता यावे, इतके मोकळे दान पहिल्याने केले होते.

गेल्या वीस वर्षांत मोटारींच्या दानाला जगात चांगला बाजार आला आहे. फेरारीच्या ‘एन्झो’ गाड्या ३९९ वरच थांबायच्या होत्या. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली आणि कंपनीने चारशेवी गाडी बनवून व्हॅटिकनला दिली. २००५ साली तिचा लिलाव झाला आणि साडेनऊ लाख युरो आपद्ग्रस्तांसाठी गेले. २०१६ साली मध्य इटलीत भूकंप झाला तेव्हा ‘लाफेरारी’ची पाचशेवी गाडी अशीच जास्तीची बनवली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत ती ७० लाख डॉलरना विकली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात लॅम्बोर्गिनीने पोप फ्रान्सिस यांना पांढऱ्या रंगाची, सोनेरी पट्ट्यांची ‘हुराकान’ नजर केली. पोपांनी बॉनेटवर सही केली आणि गाडी लिलावाला पाठवली. १२ मे २०१८ रोजी मोनॅकोत तिला ७ लाख १५ हजार युरो आले. त्यातला मोठा वाटा इराकच्या निनवे भागात उद्ध्वस्त झालेली घरे आणि प्रार्थनास्थळे उभारायला ठरवून ठेवलेला होता.

पैसा गरजूंपर्यंत गेला, हे उत्तमच. पण या व्यवहारात दिले कुणी आणि काय? गाडीचा दुर्मीळपणा कारखान्यातल्या एका बैठकीत ठरलेला असतो. ३९९ म्हटले म्हणून ती दुर्मीळ. आणखी एक बनवायला लागतो तेवढाच पत्रा, तेवढेच कामगार, तेवढेच दिवस. कंपनी आपला शब्द एका गाडीपुरता मोडते, जगभर तिचे फोटो छापून येतात आणि बोली लावणारा कुणी तिसराच असतो. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. हुराकानच्या बाबतीत तर मूळ गाडीच्या कैकपट किंमत आली ती एका वृद्ध माणसाच्या सहीमुळे. म्हणजे मोनॅकोत विकली गेली ती सही. गाडी हा तिचा कागद होता.

मग आपल्याकडच्या संग्राहकाने आपली दुर्मीळ गाडी धर्मादाय संस्थेला द्यायची ठरवली तर काय होते?

पहिल्यांदा कायदा आडवा येतो. आयकरातली, ज्याला आपण ‘८०-जी’ म्हणतो ती सवलत पैशाने दिलेल्या देणगीला आहे, वस्तूने दिलेल्या देणगीला नाही. रोख दोन हजारांच्या वर दिले तर तीही नाही. म्हणजे दोन कोटींची गाडी संस्थेच्या दारात उभी करून आलात तर आयकर खात्याच्या लेखी तुम्ही काहीच दिलेले नाही. संग्राहकांना हे जाचक वाटते. पण यात एक शहाणपण आहे. अमेरिकेत वस्तूने दिलेल्या देणगीला सवलत होती आणि आहे. तिचा फायदा घेऊन लोक भंगारात निघालेल्या गाड्यांना चांगल्या गाडीचा भाव लावून कर वाचवू लागले. शेवटी २००५ पासून नियम बदलावा लागला. आता संस्थेने गाडी विकून जेवढे पैसे मिळवले, सर्वसाधारणपणे तेवढ्यावरच सूट.

हा खेळ आपल्याला नवा नाही. कठोपनिषदाची सुरुवातच याने होते. सर्वस्वदानाच्या यज्ञात नचिकेताचा बाप दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई ब्राह्मणांना वाटत सुटतो आणि पोराला ते पाहवत नाही. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाही’ असे म्हणून घेणाऱ्याला गप्प करण्याची सोय आपण केली. देणाऱ्याला विचारणारा नचिकेता एकटाच निघाला. आजही बरीच वाहने संस्थांना ‘दान’ होतात ती फिटनेस संपत आली म्हणून. दुरुस्तीचे बिल, विमा आणि आरटीओच्या चकरा दानासोबत फुकट.

दुर्मीळ गाडीचे दुखणे याहून मोठे. ती पांढरा हत्तीच. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. अशी गाडी नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, डागडुजी, पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. अनाथाश्रमाने तिचे काय करावे? मुलांना शाळेत तिच्यातून सोडता येत नाही. छप्पर बांधून, मेकॅनिक ठेवून तिला पोसावे लागते. आमेरच्या वाटेवर हत्ती पोसणाऱ्यांना विचारा, हत्ती मिळाल्याच्या आनंदाहून त्याच्या चाऱ्याची चिंता किती मोठी असते.

नवी परदेशी गाडी असेल तर गाठ पडते ती कस्टमशी. सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली त्याला फेरारी ‘३६० मोडेना’ भेट मिळाली. त्या भेटीवरचा आयातकर होता १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने तो माफ करण्याची तयारी दाखवली, त्यावर काहूर उठले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर कराची रक्कम भेट देणाऱ्या कंपनीनेच भरली. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका उद्योजकाकडे गेली. सचिनने काय करायला हवे होते हे सांगण्याचा अधिकार कुणाला नाही, आणि मुलांसाठीच्या कामाला त्याने दिलेला हात सर्वांना ठाऊक आहे. या प्रकरणातून दिसते ते एवढेच, की महागडी भेट आपल्याकडे आनंदाच्या आधी वाद घेऊन येते. त्यामुळे संग्राहकाने आपली गाडी स्वतः विकावी, हिशेब चोख ठेवावा आणि पैसा संस्थेला द्यावा, हाच सरळ रस्ता. देणाऱ्याने विकण्याची कटकट सोसायची. घेणाऱ्याच्या गळ्यात ती बांधायची नाही.

आणि जयपूरच्या संग्राहकाला तर दान कुठे करावे हे शोधायला शहराबाहेर जायला नको.

याच शहरात सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ जन्माला आला. डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारशी शाळा न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, या दोघांचे ते काम. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायला बनवलेला होता. आपल्या शेतकऱ्याला अनवाणी चिखलात चालायचे असते, मांडी घालून जेवायचे असते, उकिडवे बसायचे असते. तो पाय घेतलेली माणसे घरी गेली की पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेत. मास्टरजींना उत्तर सापडले ते पंक्चर काढायच्या दुकानात. टायरला जोड देताना रबर कसे शिजवतात ते त्यांनी पाहिले आणि पायही रबराचाच, साच्यात घालून तसाच शिजवायचा ठरवले. ट्रकच्या टायरांवर नवे रबर चढवणाऱ्या एका जयपुरी कारागिराने हे काम कशासाठी चालले आहे ते कळल्यावर मजुरी घेतली नाही, असे सांगतात. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शोधाचे पेटंट कुणी घेतले नाही. तेही उदक सोडणेच.

या पायाला गावोगाव नेले ते देवेंद्रराज मेहता यांनी. सनदी अधिकारी असताना १९६९ साली रस्त्यावरच्या भीषण अपघातात त्यांचा पाय जाता जाता वाचला. १९७५ मध्ये त्यांनी जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली. पुढे ते ‘सेबी’चे अध्यक्ष झाले, पण समिती सुटली नाही. तिथे पाय, कॅलिपर, तीनचाकी सायकल, सगळे मोफत. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे लाभार्थी वीस लाखांच्या वर गेले आहेत. रुग्ण येतो, उरलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून माप घेतात, त्या मापाचा साचा होतो, शेतात पाण्यासाठी वापरतात तसला प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ करून साच्यावर चढवतात, खाली रबराचे पाऊल जोडतात. सकाळी सरपटत आलेला माणूस बहुधा त्याच दिवशी चालत बाहेर पडतो. मुंबईच्या सुधा चंद्रन यांनी अपघातात पाय गमावल्यावर याच जयपूर फुटावर पुन्हा भरतनाट्यम् केले, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

आता जरा त्रैराशिक मांडू. पोप फ्रान्सिस यांच्या हुराकानचे ७ लाख १५ हजार युरो म्हणजे त्या वेळच्या दराने साडेपाच कोटी रुपयांच्या वर. एका पायाला अगदी दहा हजार रुपये खर्च धरला तरी साडेपाच हजार माणसे उभी राहतात. जयमहालच्या हिरवळीवर उभी असलेली प्रत्येक गाडी कोटींच्या भावाची नाही, हे मान्य. पण एखादी तरी आहे.

जुन्या गाड्या जपू नयेत असे आमचे म्हणणे अजिबात नाही. जुन्या यंत्राची निगा राखणे हीही विद्या आहे, आणि त्या दातांच्या ब्रशवाल्या मेकॅनिकचे पोट तिच्यावर चालते. गाडी विकली म्हणून ती मरत नाही, ती दुसऱ्या जपणाऱ्याकडे जाते. आक्षेप आहे तो अर्ध्या दानाला. घरच्याच न्यासाच्या नावे गाडी करायची, ठेवायची आपल्याच गॅरेजात, वर्षातून एकदा धर्मादाय रॅलीत स्वतःच चालवायची आणि फीत कापून घ्यायची. किल्ली मुठीत ठेवून हातावर पाणी सोडता येत नाही.

किल्ली सोडलेला एक माणूस आपल्या घरातला आहे. हिंगणघाटच्या जमीनदाराचा मुलगा, वकिलीचे शिक्षण घेतलेला, सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार उडवणारा. त्या गाडीच्या गाद्यांवर बिबळ्याचे कातडे चढवले होते अशी नोंद त्याच्या चरित्रांत आहे. त्या काळच्या विदर्भात याहून दुर्मीळ गाडी कोणती असणार? पुढे त्याच माणसाने वरोऱ्याजवळच्या माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू केले. मुरलीधर देविदास आमटे यांनी घरावर तुळशीपत्र ठेवले, त्यात ती बिबळ्याची गादीही गेली. एवढी अपेक्षा जयपूरच्या हिरवळीकडून करणे अन्यायाचे होईल. तिथे तुळशीपत्र एकाच किल्लीवर ठेवायचे आहे.

म्हणून जयपूरच्या रॅलीवाल्यांना, आणि पुण्या-मुंबईत अशाच रॅली भरवणाऱ्या संग्राहकांनाही, एक साधी सूचना. दरवर्षी मेळ्यातल्या एका गाडीचा तिथेच, सर्वांसमोर लिलाव करावा. गाडी कुणाची ते आधी आपसात ठरवावे. चालू, कागदपत्रे पूर्ण असलेली आणि मालकाच्या खरोखर जिवाजवळची गाडी द्यावी, गॅरेजात जागा अडवणारी नको. आलेला पैसा धनादेशाने थेट संस्थेला जावा आणि त्याचा हिशेब पुढच्या वर्षी त्याच हिरवळीवर फलकावर लावावा. ८०-जीची पावतीही मिळेल. जयमहाल पॅलेसपासून मालवीय नगरातल्या समितीच्या दारापर्यंतचे अंतर जुन्यातली जुनी गाडीसुद्धा तासाभरात सहज कापते.